वारा सुटला तर परत फिरायचे कोणी ठरवायचे?

पत्राचा सारांश: पत्रलेखिका सत्तावीस वर्षांच्या आहेत, मूळच्या खानापूर तालुक्यातल्या, सध्या बेंगळुरूत सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतात. येत्या जानेवारीत प्रजासत्ताक दिनाच्या सुट्टीला रजा जोडून चार सहकाऱ्यांबरोबर पाच दिवस गुलमर्गला स्कीइंगसाठी जाण्याचा त्यांचा बेत आहे. गेल्या वर्षी उत्तराखंडमधल्या औलीला चार दिवस त्या स्कीइंगचे प्राथमिक धडे शिकल्या. सहकाऱ्यांपैकी एक जण कंपनीच्या कामानिमित्त दोन हिवाळे स्वित्झर्लंडमध्ये राहून आला आहे. त्याच्या मते दुसऱ्याच दिवशी गोंडोलाने, म्हणजे तारेवरून जाणाऱ्या पाळण्याने, थेट गुलमर्गवरच्या अफरवट डोंगराच्या खांद्यावर जाऊन तिथून स्की करत उतरता येईल आणि वाटाड्यावर पैसे घालवण्याचे कारण नाही. वडील मराठा रेजिमेंटमधून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. काश्मीरमध्ये बर्फात काढलेल्या दिवसांची खूण म्हणून त्यांच्या डाव्या पायाच्या दोन बोटांना थंडीत अजून मुंग्या येतात. बेत ऐकून त्यांनी तीन प्रश्न विचारले: वारा सुटला तर काय कराल, एखादा मागे राहिला तर त्याच्याजवळ कोण थांबेल, आणि परत फिरायचे हे कोण ठरवणार. उत्तरे देता आली नाहीत, तेव्हा ते म्हणाले, "मग जाऊ नकोस." धाकटा भाऊ मोटारसायकलवरून लडाखला निघाला तेव्हा मात्र याच वडिलांनी स्वतः पैसे दिले होते. हॉटेलचे पैसे भरून झाले आहेत आणि ते परत मिळणार नाहीत. "वडिलांना कसे पटवू?" असा त्यांचा प्रश्न आहे, आणि आईच्या काळजीचे काय करावे, हे पत्राच्या शेवटी जाताजाता विचारले आहे.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्यांदा तुमची बाजू घेऊन वाचले, कारण मुलीच्या पायात घातलेली दोरी काळजीच्या नावाने किती सहज घट्ट होते, हे या सदराकडे येणाऱ्या पत्रांतून मला चांगले ठाऊक झाले आहे. दुसऱ्यांदा वाचताना वडिलांच्या तीन प्रश्नांपाशी थांबले. आपल्या भागात घरोघरी फौजेत जाऊन आलेली माणसे आहेत, आणि अशा माणसाला एखादी गोष्ट मुळातच नको असते तेव्हा तो प्रश्न विचारीत बसत नाही, एका शब्दात विषय संपवतो. तुमच्या वडिलांनी प्रश्न विचारले, उत्तरासाठी वाट पाहिली आणि उत्तर आले नाही तेव्हाच नकार दिला. म्हणून "वडिलांना कसे पटवू" या प्रश्नाऐवजी मी त्यांच्या तीन प्रश्नांनाच हात घालणार आहे. ती उत्तरे तुम्हाला सापडली तर पटवण्याचे काम फारसे उरणार नाही, आणि सापडली नाहीत तर पटवणे जमले तरी जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

भावाच्या लडाख सहलीचा मुद्दा मात्र मी बाजूला सारणार नाही. तो उन्हाळ्यात, रस्त्याने, रोज मुक्कामाच्या गावी पोहोचत गेला असणार, आणि जानेवारीतल्या बर्फाच्या उघड्या उतारावर उतरणे ही निराळी गोष्ट आहे, हे खरे. पण घाटरस्त्यावरची मोटारसायकलही काही कमी धोक्याची नसते, आणि त्याला हे तीन प्रश्न विचारले गेले नाहीत, हेही तितकेच खरे. वडिलांच्या मनात दोन मापे असतीलही. तसे विचारायचे असेल तर त्यांना सरळ विचारा, "हाच बेत त्याने आखला असता तर तुम्ही काय म्हणाला असता?" माझा अंदाज असा की काश्मीरच्या बर्फाच्या बाबतीत ते त्यालाही अडवतील. अंदाज चुकला तर ते भांडण तुमचे हक्काचे आहे आणि ते जरूर भांडा, फक्त ते वेगळ्या दिवशी भांडा. रागाच्या भरात अफरवटवर जाऊन दाखवणे हा त्या भांडणाचा निकाल नव्हे.

आता डोंगराविषयी. गुलमर्ग गाव सुमारे २६५० मीटर उंचीवर, पाइन आणि फरच्या रानाने वेढलेल्या कुरणावर वसले आहे. गोंडोलाचा पहिला टप्पा तिथून कोंगडोरीला नेतो आणि दुसरा टप्पा तिथून अफरवटच्या खांद्यावर, जवळजवळ ३९५० मीटरपर्यंत. आपले बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास आहे, म्हणजे बेळगावकराने गारठ्याची कितीही बढाई मारली तरी ही उंची त्याच्या पाचपट आहे. एवढ्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ-बासष्ट टक्केच उरतो. गोंडोला ही चढाई काही मिनिटांत उरकते आणि शरीराला सावरायला वेळच मिळत नाही. डोके दुखणे, मळमळणे, पाय जड होणे हे वर पोहोचल्यावर जाणवते, आणि स्की बांधलेल्या माणसाला नेमके तेव्हाच पायांवर भरवसा ठेवावा लागतो. याशिवाय दर हजार मीटरला तापमान सहा-साडेसहा अंशांनी उतरते, त्यामुळे खालच्या बाजारापेक्षा वर आठ-नऊ अंश अधिक थंडी असते.

त्यात वारा. तुमचे वडील वाऱ्यापासून सुरुवात करतात, यातच त्यांचा अनुभव दिसतो. हवेचे तापमान उणे दहा असताना ताशी चाळीस किलोमीटरचा वारा वाहू लागला तर उघड्या कातडीला ते उणे एकवीससारखे जाणवते, आणि हातमोजा काढून बूट घट्ट करण्याच्या दोन मिनिटांत बोटे बधिर होतात. पण थंडी वाजणे हा वाऱ्याचा लहान अपराध आहे. कोंगडोरीच्या खाली रान आहे, वर नाही. झाडे वारा अडवतात, बर्फ धरून ठेवतात आणि धुक्यात नजरेला आधार देतात. झाडांची रेषा संपली की हे तिन्ही आधार एकदम सुटतात. जोराचा वारा असला की दुसरा टप्पा बंद ठेवतात आणि तो तास-दोन तासच बंद राहील, असे नाही. मी स्वतः काही वर्षांपूर्वी कुटुंबाबरोबर तिथे गेले होते, तेव्हा दोन दिवस दुसरा टप्पा बंदच होता, आणि "आम्ही एवढ्या लांबून आलो" हे वाक्य तिकिटाच्या खिडकीपाशी मी किमान चार भाषांत ऐकले. त्यात आपली मराठीही होती, हे नमूद करायला हवे. वाऱ्याने बंद केलेल्या तारेशी हुज्जत घालू नये, याला कारण आहे. जून २०१७ मध्ये, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, वादळी वाऱ्याने उन्मळलेले झाड याच गोंडोलाच्या तारेवर पडले आणि सात जणांचा जीव गेला.

वाऱ्याचा मोठा अपराध डोळ्यांना दिसत नाही. तो कड्याच्या एका बाजूचा बर्फ उचलतो आणि दुसऱ्या, आडोशाच्या बाजूवर नेऊन दाबून बसवतो. तिथे बर्फाची घट्ट लादी तयार होते. हिवाळ्याच्या सुरुवातीला थोडा बर्फ पडून नंतर बरेच दिवस कोरडी थंडी राहिली असेल, तर खालच्या थराचे साखरेसारखे सुटे दाणे झालेले असतात. साखर कारखान्यांच्या चिकोडी-अथणीकडच्या वाचकांना हे चटकन समजेल. साखरेच्या ढिगावर फरशी ठेवली आणि ढीग तिरका केला तर काय होईल, तेच तिथे होते. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर अशी लादी एका माणसाच्या भाराने तुटू शकते, आणि हिमस्खलनात सापडलेल्यांपैकी बहुतेकांच्या बाबतीत ती त्यांच्याच किंवा त्यांच्या सोबत्याच्या पायाखाली तुटलेली असते. स्की करणाऱ्याला हवेहवेसे वाटणारे उतारही नेमके याच अंशांचे असतात.

इथे आणखी एक गैरसमज आहे, आणि तुमच्या पत्रात तो "आकाश निरभ्र असेल तरच वर जाऊ" या वाक्यात लपला आहे. बर्फवृष्टीनंतरचे पहिले एक-दोन दिवस सर्वांत अधिक जोखमीचे असतात, आणि त्या दिवसांत आकाश पुष्कळदा अगदी निळे असते. तुम्ही खानापूर तालुक्यातल्या आहात, म्हणजे कणकुंबीकडे पाऊस थांबून ऊन पडले तरी ओढ्याचे पाणी लगेच उतरत नाही आणि लहानपणी घरातले मोठे माणूस त्या उन्हात ओढा ओलांडू देत नसे, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. बर्फाचेही तसेच आहे, फरक इतकाच की ओढ्याचे पाणी दिसते. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा चिल्लई कलान, म्हणजे कडाक्याच्या थंडीचा काळ असतो, तुमची सहल त्याच्या शेवटच्या आठवड्यात येते. या दिवसांत पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून बर्फ-पाऊस घेऊन येणारी वादळे, एकामागून एक येऊ शकतात. उलट २०२४ च्या जानेवारीसारखा महिना जवळजवळ कोरडा जाऊन गुलमर्गची कुरणे तपकिरीच दिसत राहिली, असेही घडते. म्हणजे तुमच्या पाच दिवसांत बर्फच नसेल, किंवा इतका असेल की श्रीनगरची विमाने रद्द होतील, किंवा नुकताच पडून अस्थिर असेल. अफरवटसाठी हवा तसा दिवस मिळेलच, हे गृहीत धरून आखलेला बेत मला तरी बेत वाटत नाही.

घडलेल्या दुर्घटनाही सांगते, कारण "क्वचित होते" असे तुमचे सहकारी म्हणतील. फेब्रुवारी २०१० मध्ये गुलमर्गजवळच्या खिलनमर्गला लष्कराच्या हिमयुद्ध प्रशिक्षणासाठी आलेल्या तुकडीवर हिमस्खलन कोसळले आणि सतरा जवान गेले. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवटच्या हपतखुड भागात पोलंडचे दोन स्कीपटू गाडले गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये आणखी एका परदेशी स्कीपटूचा जीव गेला. यातले जवान बर्फाचेच शिक्षण घेत होते. आणि आपल्या शेजारच्या धारवाड जिल्ह्यातील बेटदूरचे लान्स नायक हणमंतप्पा कोप्पद यांना बेळगाव-धारवाड पट्ट्यातले कोणीच विसरलेले नसेल. फेब्रुवारी २०१६ मध्ये सियाचीनला ते सहा दिवस बर्फाखाली राहून जिवंत सापडले आणि दिल्लीच्या रुग्णालयात त्यांनी प्राण सोडला. सहा दिवस तग धरणे हा अपवादांतला अपवाद. एरवी बर्फाखाली गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढला तर वाचण्याची आशा चांगली असते, त्यानंतर ती झपाट्याने ओसरते. याचा सरळ अर्थ असा की गावातून मदत येईपर्यंत वेळ निघून गेलेली असते. वाचवणारे हात म्हणजे शेजारी उभे असलेले तुमचे चार सहकारीच.

वडिलांचा दुसरा प्रश्न हाच आहे. मागे कोण थांबणार, याचे उत्तर आधी ठरलेले नसेल तर पुढे असलेले चौघे खालच्या वळणावर वाट पाहत उभे राहतील आणि वर काय झाले, हे त्यांना पाच मिनिटे कळणारही नाही. उतार एकेकाने उतरायचा, बाकीच्यांनी सुरक्षित जागी थांबून त्याच्यावर नजर ठेवायची आणि सर्वांत अनुभवी दोघांपैकी एकाने नेहमी शेवटी यायचे, हा नियम पाळता आला पाहिजे. गस्तीचे पथक देखरेख ठेवते त्या हद्दीबाहेर पाऊल टाकायचे असेल तर प्रत्येकाच्या अंगावर हिमस्खलनात वापरायचा ट्रान्सीव्हर, म्हणजे बर्फाखालच्या माणसाची जागा कळवणारे रेडिओयंत्र, पाठीवर घडीची लांब सळई, म्हणजे प्रोब, आणि फावडे असायलाच हवे. पाचांपैकी तिघांकडे असून चालत नाही. ज्याच्याकडे नाही तो सापडत नाही, आणि ज्याच्याकडे फावडे नाही तो काढू शकत नाही. ही साधने गुलमर्गला भाड्याने मिळतात, पण सराव भाड्याने मिळत नाही. लपवलेला ट्रान्सीव्हर दहा मिनिटांत शोधून काढण्याचा खेळ पहिल्या दिवशी हॉटेलमागच्या मैदानात चार-पाच वेळा खेळा. जमला नाही, तर हद्दीबाहेर जाण्याचा विषय तिथेच संपला.

तुमच्या तयारीविषयी मला थोडे कठोर बोलावे लागेल. औलीला चार दिवसांत तुम्ही स्कीचे पुढचे टोक जवळ आणून वेग आवरणे आणि सौम्य उतारावर वळणे शिकलात, असे लिहिता. सुरुवात म्हणून ते चांगलेच आहे. पण औलीच्या शिकवणीच्या उतारांवर बर्फ दाबून सपाट केलेला असतो आणि खाली कोणीतरी हात पसरून उभा असतो. अफरवटच्या खांद्यावरून उतरताना बर्फ कुठे गुडघाभर मऊ, कुठे वाऱ्याने काचेसारखा कडक झालेला असतो, आणि सौम्य, दाबून तयार केलेली नवशिक्यांची वाट तिथे नाही. तुम्ही पत्रात लिहिलेला केदारकंठाचा ट्रेक आणि राजगडाच्या वाऱ्या यांनी दम आणि चिकाटी येते, वळण घेता येत नाही. गडावर थकल्यावर माणूस बसतो, स्कीवर थकल्यावर तो पडतो, आणि गुडघ्याचे अस्थिबंध अशा पडण्यात तुटू शकतात.

धुके उतरले तर याहून बिकट. आषाढात आंबोलीच्या घाटात गाडीचे बॉनेट दिसेनासे होते, तेव्हा निदान रस्ता कुठे चढतो, कुठे उतरतो हे चाकांना कळत असते. उघड्या बर्फावर आकाश आणि जमीन एकाच पांढऱ्या रंगाची झाली की आपण उभे आहोत की घसरतो आहोत, हेही समजत नाही. तिथे झाड नाही, खांब नाही, सावली नाही. अशा वेळी परत गोंडोलात बसून खाली यायचे, यात कमीपणा मानू नये. पण वाऱ्याने गोंडोलाच थांबली असेल तर तो मार्गही राहत नाही. म्हणून वर जायचे की नाही, हे खाली असतानाच ठरवावे लागते.

तुमच्या स्वित्झर्लंडहून आलेल्या सहकाऱ्याला मी ओळखत नाही आणि त्याच्या कौशल्याबद्दल शंका घेत नाही. तिकडे खुणा लावून, यंत्रांनी दाबून तयार केलेल्या धावपट्ट्यांचे जाळे असते, रोज गस्त फिरते, आणि दावोसची हिम-संशोधन संस्था हिवाळाभर हिमस्खलनाचा अंदाज प्रसिद्ध करते. त्या पट्ट्यांवर दोन हिवाळे काढलेला माणूस चांगला स्कीपटू असू शकतो, मात्र अफरवटची कोणती घळ वाऱ्यानंतर बर्फाने भरते हे त्याला कळण्याचे काही कारण नाही. गुलमर्गलाही गस्तीचे पथक आहे. ते रोज धोक्याची पातळी कळवते आणि गोंडोलाखालच्या मुख्य उताराची काळजी घेते. त्या हद्दीच्या दोन्ही अंगांना पसरलेले उतार मात्र कोणाच्याच देखरेखीखाली नाहीत, आणि वरून पाहताना हद्द कुठे संपली, हे नवख्याला कळतही नाही. पाच पायऱ्यांच्या धोका-मापनावर तिसरी पायरी मधली म्हणून लोक निर्धास्त होतात. प्रत्यक्षात तिसऱ्या पायरीलाच माणसाच्या भाराने लादी तुटण्याचा संभव ठळक झालेला असतो, आणि चौथी-पाचवी पायरी ऐकून घरी बसणारे लोक तिसरीला बाहेर पडतात. वाटाड्याचे पैसे वाचवणे ही या सहलीतली सर्वांत महाग बचत ठरेल. स्थानिक, प्रमाणित वाटाड्या आणि तुम्हा नवख्यांसाठी एक शिक्षक, हे दोन खर्च आधी मांडा आणि मग जेवणाखाण्याचा हिशेब करा.

आता तिसरा प्रश्न. परत फिरायचे कोण ठरवणार? माझ्या मते संपूर्ण पत्रातला खरा पेच इथे आहे. तुमच्या गटात हे कोणीच ठरवलेले नाही, म्हणजे व्यवहारात ज्याचा आवाज मोठा तो ठरवणार. पाच मित्रांत "मला भीती वाटते" हे वाक्य उच्चारणे फार अवघड असते, आणि पाचांत एकटी मुलगी असेल तर त्याहून अवघड, कारण भीती कबूल केली तर ती एकट्या माणसाची न राहता सगळ्या बायकांच्या नावावर जमा होते. तुम्ही गटात एकट्याच मुलगी आहात की नाही, हे लिहिलेले नाही. असाल तर हे आधीच ओळखून ठेवा. यावर जगभरच्या पर्वतांवर रूढ झालेला उपाय साधा आहे: पाचांपैकी कोणीही एक जण "नको" म्हणाला की सगळ्यांनी फिरायचे, कारण विचारायचे नाही आणि संध्याकाळी त्यावरून चेष्टाही करायची नाही. हे बेंगळुरूत, चहाच्या टेबलावर, आत्ताच ठरवून घ्या. जो सहकारी या अटीला हसेल त्याच्यामागून कुठल्याच उतारावर जाऊ नका.

याच संदर्भात तुमच्या वडिलांच्या अनुभवाकडेही थोडे तपासून पाहायला हवे, कारण तोही संपूर्ण नाही. त्यांनी पाहिलेला बर्फ चौकीवरचा होता. हुकूम होता म्हणून ते महिनोन्महिने तिथे राहिले, आणि वारा सुटला, बोटे बधिर झाली तरी परत फिरण्याची मुभा त्यांना नव्हती. तुम्ही जाल त्या गुलमर्गमध्ये निखाऱ्यांची कांगडी असेल, गरम जेवण असेल, दाक्तर असेल, आणि सर्वांत मुख्य म्हणजे कधीही, कोणत्याही कारणासाठी, "आज नको" म्हणण्याची पूर्ण मोकळीक असेल. सगळा बर्फ सारखाच जीवघेणा, हे त्यांचे गृहीतक बरोबर नाही. पण ही मोकळीक तुमच्या बेताने स्वतःहून सोडून दिली आहे. दुसऱ्याच दिवशी अफरवट, पाचव्या दिवशी विमान, पैसे परत नाहीत, वाटाड्या नाही. हुकूम देणारे कोणी नसताना तुम्ही आपल्यावर हुकूम लादून घेतला आहे, आणि माझा कयास आहे की वडिलांना नेमके तेच खटकले असावे.

मग करायचे काय? सहल रद्द करा, असे मी म्हणणार नाही. हॉटेलचे पैसे गेलेच आहेत, ते गुलमर्गला जाऊन वसूल करा, अफरवटवर वसूल करायला जाऊ नका. पाच दिवसांचे सात करता आले तर बघा, रजा मिळत नसेल तर या वर्षी अफरवटवरून स्की करणे बेतातून काढूनच टाका. पहिले दोन दिवस गावातल्या कुरणावरचे सौम्य उतार आणि शिक्षक, नंतर शिक्षकाने हो म्हटले तर पहिल्या टप्प्याचे, रानाला लागून असलेले उतार, एवढा कार्यक्रम तुमच्या आत्ताच्या तयारीला पुरेसा आहे आणि त्यात मजाही भरपूर आहे. आकाश स्वच्छ असेल, दुसरा टप्पा सुरू असेल आणि गस्तीचे लोक हरकत घेत नसतील तर गोंडोलाने वर जा, डोंगर पाहा आणि त्याच गोंडोलाने खाली या. स्वित्झर्लंडच्या सहकाऱ्याला वाटाड्यासह उतरायचे असेल तर तो उतरो. गट तुटला म्हणून मैत्री तुटत नाही, आणि तुटली तर ती वरपर्यंत नेण्याच्या लायकीची नव्हती.

ज्यांना खरोखरच या छंदात पुढे जायचे आहे त्यांनी, आणि हे तुमच्याइतकेच इतर वाचकांसाठीही लिहिते, सहलीऐवजी शिक्षणवर्गाचा विचार करावा. गुलमर्गलाच पर्यटन मंत्रालयाची भारतीय स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्था आहे, मनालीला अटलबिहारी वाजपेयी यांच्या नावाची संस्था आहे, औलीलाही वर्ग चालतात. तिथे सलग काही दिवस रोज एकाच शिक्षकाच्या हाताखाली पडायला मिळते, आणि पडणे शिकल्याशिवाय स्कीइंग येत नाही. औली गुलमर्गपेक्षा आडोशाचे आहे, मात्र २०२३ च्या जानेवारीत पायथ्याच्या जोशीमठची जमीन खचू लागल्यापासून तिथली सद्यस्थिती विचारूनच निघावे. ज्यांचे वय पन्नाशीपुढे आहे, ज्यांना रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास आहे, त्यांनी दुसऱ्या टप्प्यावर नुसते पाहायला जाण्यापूर्वीही दाक्तरांचा सल्ला घ्यावा. विम्याचे कागद बारीक अक्षरांसकट वाचा. पुष्कळ प्रवास-विम्यांत स्कीइंग वगळलेले असते किंवा आखलेल्या उताराबाहेरचे वगळलेले असते. परतीचे विमान आणि कार्यालयातली हजेरी यांत किमान एक पूर्ण दिवस मोकळा ठेवा, दोन ठेवता आले तर उत्तम. बेळगावच्या सांबरा विमानतळावरून दिल्लीमार्गे गेलात किंवा बेंगळुरूहून, बर्फाने श्रीनगरचे विमान अडले तर सगळे सारखेच अडकतात. जम्मूचा महामार्गही बर्फात बंद होतो. जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर रेल्वे धावू लागली आहे, तो एक पर्याय हाताशी असू द्या.

वडिलांशी बोलताना हा सगळा लेख त्यांच्यापुढे ठेवू नका, त्यांना कंटाळा येईल. एका कागदावर तीन प्रश्न लिहा आणि प्रत्येकाखाली आपल्या अक्षरात दोन-दोन ओळी: वाऱ्याच्या दिवशी काय करणार, मागे कोण थांबणार, कोणाच्या "नको"वर फिरणार. तो कागद त्यांना वाचायला द्या आणि खोडायची मोकळीक द्या. मोजे किती जोड्या न्यायचे, बोटे बधिर झाली की चोळायची की काखेत धरायची, हे त्यांना विचारा. चोळायची नसतात, पण ते त्यांच्याकडून ऐका. त्यांना बरोबर चला म्हणावे, असा मोह मला लिहितालिहिता झाला होता. मग वाटले, बर्फ पुन्हा पाहायचा की नाही, हे त्यांचे त्यांनाच ठरवू द्यावे.

आईचे काम सर्वांत सोपे आहे आणि तेच तुम्ही शेवटच्या ओळीत ढकलले आहे. इतर राज्यांतली प्रीपेड सिमकार्डे काश्मीरमध्ये चालत नाहीत, पोस्टपेड चालतात. तुमचा नंबर प्रीपेड असेल तर महिनाभर आधी पोस्टपेड करून घ्या, नाहीतर श्रीनगरला उतरताच तुमचा फोन बंद पडेल आणि खानापुरात रात्रभर कोणी झोपणार नाही. गटातल्या आणखी एकाचा पोस्टपेड नंबर, हॉटेलचा आणि वाटाड्याचा नंबर आईकडे लिहून ठेवा. रोज संध्याकाळी सातला फोन करा, आणि वीज किंवा नेटवर्क नसेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी नऊपर्यंत वाट पाहायची, त्याआधी कोणालाही फोन करायचा नाही, हे निघण्यापूर्वीच त्यांच्याशी ठरवून घ्या.